लंडनमधील एक तरुण मॉर्मन प्रचारक

धर्मप्रचारक म्हटला की घनदाट अरण्य, अनोळखी भाषा बोलणारे लोक आणि पदोपदी जिवाला धोका, असे एक चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. या चित्रात तथ्य नाही असे नव्हे. परंतु प्रचारकाची खरी परीक्षा जेथे झाली अशी काही स्थळे अरण्यात नव्हती. ती गजबजलेल्या महानगरांत होती. तेथे त्याच्या अंगावर कोणी धावून आले नाही, कोणी त्याला बंदीतही टाकले नाही. लोक त्याच्या शेजारून आपापल्या कामाला निघून गेले, एवढेच. १८४० साली लंडनमध्ये आलेल्या जॉर्ज ए. स्मिथ या तेवीस वर्षांच्या मॉर्मन प्रचारकाच्या वाट्याला हाच अनुभव आला. त्याच्या त्या दिवसांची हकीकत एका पंथाच्या इतिहासापुरती मर्यादित नाही. नव्या श्रद्धेची आणि आधुनिक शहराची गाठ पडली म्हणजे काय घडते, याचे ते एक बोलके उदाहरण आहे.

मॉर्मन पंथाची स्थापना ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ याने केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ बायबलच्या जोडीने पवित्र मानावयाचा, ही या पंथाची विशेष श्रद्धा. शेजाऱ्यांना ती मानवली नाही. मिसूरी राज्यात तर संघर्ष इतका विकोपाला गेला की, २७ ऑक्टोबर १८३८ रोजी तेथील गव्हर्नरने या लोकांचा एकतर नायनाट करावा अथवा त्यांना राज्याबाहेर घालवावे असा हुकूमच काढला. त्यानंतर तीनच दिवसांनी हॉन्स मिल येथे सतरा जण मारले गेले. हजारो स्त्रीपुरुषांना ऐन हिवाळ्यात घरेदारे सोडून इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी आश्रय घ्यावा लागला. तेथील दलदलीत हिवतापाची साथ पसरली असतानाच, १८३९ साली पंथाचे प्रमुख प्रचारक इंग्लंडला जावयास निघाले.

जॉर्ज स्मिथ हा संस्थापक जोसेफचा चुलतभाऊ. एकविसाव्या वर्षीच त्याची बारा प्रेषितांत निवड झाली होती. अंगाने दणकट असला तरी हा तरुण निघण्याच्या वेळी तापाने इतका खंगला होता की, त्याची व त्याच्या सोबत्यांची गाडी पाहून वाटेतील एका माणसाने, स्मशानातली प्रेते कोणी चोरून नेत आहे की काय, अशी विचारणा केल्याची आठवण पंथात सांगितली जाते. जवळ पैसा नाही, अंगात त्राण नाही आणि पुढे अटलांटिक महासागर! थैली आणि शिदोरी न घेता निघावे हे बायबलमधील वचन या लोकांनी अक्षरशः पाळावयाचे ठरविले होते.

इंग्लंडमध्ये त्यांचे स्वागत मात्र अपेक्षेपेक्षा चांगले झाले. १८३७ साली आलेल्या पहिल्या तुकडीने प्रेस्टन या गिरणगावात पंथाचे बीज रोवले होतेच. १८४० च्या वसंतात विल्फर्ड वुड्रफ या प्रचारकाला हेरफर्डशर परगण्यातील एका सधन शेतकऱ्याच्या घरी आसरा मिळाला, आणि प्रिमिटिव्ह मेथडिस्ट पंथापासून फुटून निघालेला एक संपूर्ण समाजच त्याच्या मागे आला. काही महिन्यांत शेकडो लोकांनी बाप्तिस्मा घेतला. या यशाने हुरूप येऊन वुड्रफ, हेबर किंबॉल आणि जॉर्ज स्मिथ या तिघांनी राजधानीकडे मोर्चा वळविला. १८ ऑगस्ट १८४० रोजी ते लंडनमध्ये दाखल झाले.

त्या वेळच्या लंडनची वस्ती सुमारे एकोणीस लक्ष होती. जगात एवढे मोठे दुसरे शहर बहुधा नव्हते. वुड्रफ गिरणीवाल्याचा मुलगा, किंबॉल कुंभारकाम केलेला आणि स्मिथ सीमेवरच्या खेड्यांत वाढलेला. पहिल्या काही दिवसांत ते शहर पाहत हिंडले. १६६६ सालच्या भीषण आगीचे स्मारक म्हणून उभारलेल्या २०२ फूट उंच स्तंभावर ते चढले. त्या उंचीवरून जेथवर दृष्टी पोचेल तेथवर छपरे आणि धुराडी दिसत होती. त्या छपरांखाली त्यांच्या ओळखीचे जवळजवळ कोणीच नव्हते.

खेड्यातील प्रचार आणि शहरातील प्रचार यांतला फरक येथूनच सुरू झाला. खेड्यात एका घराचे दार उघडले की आळीतील सर्व दारे उघडतात. पाहुणा कोण, कोठला, याची चौकशी होते आणि रात्री त्याचे बोलणे ऐकावयास माणसे आपण होऊन जमतात. लंडनमध्ये एका बिऱ्हाडाची शेजारच्या बिऱ्हाडाला खबर नसे. हेरफर्डशरमध्ये प्रचारकाला जेवण आणि अंथरूण मिळत असे. येथे खोलीचे भाडे आणि भाकरीची किंमत रोख मोजावी लागे, आणि त्यासाठी खेड्यांतील नव्या अनुयायांच्या मदतीवर विसंबावे लागे.

प्रार्थना, ग्रंथवाचन, रोजनिशी आणि पत्रलेखन ही त्यांची घरातली कामे. त्याच वर्षी इंग्लंडात एक पेनीचे टपाल सुरू झाले होते, ही या निष्कांचन लोकांना मोठीच सोय झाली. एरवी दिवसभर पायपीट चाले. निरनिराळ्या पंथांच्या धर्मोपदेशकांना भेटून त्यांच्या प्रार्थनामंदिरात बोलण्याची परवानगी मागावयाची. ती नाकारली गेली म्हणजे दुसऱ्या मंदिराचा रस्ता धरावयाचा. संध्याकाळी मद्यपाननिषेधक मंडळींच्या सभांना जावयाचे. खुद्द मॉर्मन पंथात १८३३ पासून मद्य आणि तंबाखू वर्ज्य करण्याचा उपदेश असल्यामुळे या व्यासपीठावर त्यांना बोलू देत. स्मिथने या सभांतून भाषणे केली. पण ती दारूविषयी. ज्या संदेशासाठी समुद्र ओलांडला तो ऐकावयास कोणी तयार नव्हते. भाडे भरून सभागृह घेतले, तर श्रोते मोजकेच येत.

अखेर त्यांनी रस्त्याचा आश्रय घेतला. स्मिथफील्ड येथे त्या काळी जिवंत गुरांचा मोठा बाजार भरे. तेथे ते उपदेश करावयास उभे राहणार, तोच पोलिसांनी सांगितले की शहराच्या हद्दीत रस्त्यावर उपदेश करण्यास लॉर्ड मेयरची मनाई आहे. ते निघाले तेव्हा गर्दीतील एक गृहस्थ पुढे झाला आणि लॉर्ड मेयरची सत्ता जेथे चालत नाही अशी जागा दाखवितो म्हणाला. ती जागा म्हणजे टॅबरनॅकल चौक. तेथे दुसऱ्याच एका पंथाचा उपदेशक आधीच बोलत उभा होता! त्याचे आटोपल्यावर स्मिथ बोलला, मग किंबॉल बोलला. वाट दाखविणारा तो गृहस्थ म्हणजे हेन्री कॉनर, धंद्याने घड्याळजी. ३१ ऑगस्ट रोजी त्याने बाप्तिस्मा घेतला. लंडनमध्ये या तिघांच्या श्रमांना आलेले हे पहिले फळ.

हेरफर्डशरमध्ये शेकडो आणि लंडनमध्ये एक! तरीही ते नेटाने राहिले, आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. वुड्रफची चिमुकली मुलगी त्याच वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेत वारली होती. बापाला ते पत्राने कळावयास कित्येक आठवडे लागले. स्मिथच्या फुप्फुसांना लंडनची धुरकट, दमट हवा आणि उघड्यावरची भाषणे सोसली नाहीत. खोकताना रक्त पडू लागले. शरद ऋतू सरता सरता तो लंडन सोडून मध्य इंग्लंडमधील कुंभारवाड्यांच्या प्रदेशात गेला. तो हरून गेला असे त्याच्या सोबत्यांनी कधी म्हटले नाही. पण शहराच्या दृष्टीने पाहता, तो आला केव्हा आणि गेला केव्हा याची दखलही कोणी घेतली नाही.

१४ फेब्रुवारी १८४१ रोजी लंडनच्या शाखेची रीतसर स्थापना होऊन ती लोरेन्झो स्नो या सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या हवाली करण्यात आली. तेव्हा खुद्द लंडनमधील अनुयायांची संख्या पन्नासदेखील नव्हती. उलट त्याच वसंतात संपूर्ण ब्रिटनमधील संख्या पाच हजारांच्या वर गेली होती. उपदेशक तेच, ग्रंथ तोच. मग हा फरक का पडावा? गिरणगावांत आणि खेड्यांत दारिद्र्य होते, तसे लंडनमध्येही होते. परंतु लंडनमध्ये उपदेशकांचा तुटवडा नव्हता. प्रत्येक चौकात कोणी ना कोणी मुक्तीचा मार्ग दाखवीत होता, आणि तेथील माणसाने सर्वांकडे सारखेच दुर्लक्ष करण्याची सवय लावून घेतली होती. मिसूरीच्या हिंसेने या पंथाचे लोक एकत्र बांधले गेले होते. छळ करणारा निदान आपल्याला महत्त्व देतो; दुर्लक्ष करणारा तेवढेही देत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या विरोधाला तोंड द्यावयास शौर्य पुरत नाही. उद्या सकाळी उठून पुन्हा तेच काम करण्याची शिस्त लागते.

पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत पंथाने ही शिस्त हळूहळू संस्थेच्या रूपाने घडविली. संसारी पुरुषांऐवजी अविवाहित तरुणांना ठरावीक मुदतीसाठी पाठविण्याची प्रथा पडली. तरुणींनाही हे काम खुले झाले. २०१२ पासून मुलगे अठराव्या वर्षी जाऊ लागले. त्यांची मुदत दोन वर्षांची. खर्चाचा भार बहुतांशी त्यांनी स्वतः अथवा कुटुंबाने उचलावयाचा असतो. पांढरा सदरा, छातीवर नावाची काळी पट्टी, पहाटे साडेसहाच्या सुमारास उठणे, अभ्यास, मग दिवसभर गाठीभेटी आणि रात्री साडेदहापर्यंत निजणे, असा क्रम आखून दिलेला असतो. एकट्याने राहावयाचे नाही. सोबती नेमून दिलेला असतो आणि तो आपण निवडावयाचा नसतो. कपडे धुणे, बाजारहाट, पत्रे यांसाठी आठवड्यातला एक दिवस. घरी दर आठवड्याला दूरध्वनी करण्याची मोकळीक २०१९ साली मिळाली. त्यापूर्वी वर्षातून दोनदाच बोलता येई. बाहेरून पाहणाऱ्याला हे नियम जाचक वाटतात, आणि काही तरुणांना ते जाचतातही. परंतु बंद दारांचा अनुभव ध्यानात घेतला म्हणजे त्यांतील हेतू उलगडतो. दिवसभर नकार ऐकणाऱ्या मुलाला संध्याकाळी सांभाळावयाचे कोणी? त्याचे उत्तर या वेळापत्रकात आणि त्या सोबत्यात आहे.

लंडनची ही वाट पुढे आपल्या देशापर्यंतही आली. त्याच लोरेन्झो स्नोच्या योजनेनुसार ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक सप्टेंबर १८५२ मध्ये मुंबईत उतरला. वृत्तपत्रे प्रतिकूल, पुण्याच्या छावणीतील लष्करी अधिकारी प्रतिकूल. तरी त्याने पुण्यात मूठभर अनुयायांची एक शाखा उभी केली. मराठ्यांना उद्देशून १८५५ साली त्याने मुंबईत एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. पण त्याच वर्षी तो परतला, आणि लवकरच हिंदुस्थानातील ते कार्य बंद पडले. मराठी मुलखाच्या इतिहासात त्याची खूण जवळजवळ राहिली नाही.

जॉर्ज स्मिथ १८४१ साली मायदेशी परतला, आणि पुढे पंथाचा इतिहासकार झाला. वुड्रफ आणि स्नो हे दोघेही यथाकाल पंथाचे अध्यक्ष झाले. पाठीशी मोठी संस्था, पुढे अनुयायांचा समुदाय, असे वैभव त्यांनी उत्तरायुष्यात पाहिले. तथापि त्यांच्या श्रद्धेचे मोल ठरवावयाचे तर त्या वैभवाचा आधार घेऊ नये. तो आधार लंडनमधील त्या ऑगस्ट महिन्यात शोधावा. दिवसभराच्या पायपिटीनंतर हाती काही न लागता ते भाड्याच्या खोलीवर परतत, आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या रस्त्याला जावयाचे याचा विचार करीत. त्यांची मते पटोत वा न पटोत. ज्या कोणाला आपले म्हणणे परक्या दारी जाऊन सांगावे लागते, मग ते धर्माचे असो, सुधारणेचे असो की लोकसेवेचे, त्याला या तिघांचे ते दिवस आपलेसे वाटतील.