मुंबईच्या प्लेगाची वक्ररेषा

ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष पंचांगकर्ते कितीतरी आधी लिहून ठेवतात, आणि तो पळांनिशी खरा ठरतो. आपण ते पंचांग वाचो वा न वाचो, चंद्राच्या गतीत तिळमात्र अंतर पडत नाही. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा संगणकातून निघालेले आकडे आपल्यापैकी पुष्कळांनी याच दृष्टीने वाचले, आणि ते जुळले नाहीत असे दिसताच गणितालाच खोटे ठरविले. साथीचे गणित हे पंचांग नव्हे. ते काय आहे हे कळण्यास त्याच्या उगमापर्यंत जावे लागते. आणि त्या उगमाचा एक झरा आपल्याच भूमीत असल्याने तो इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात माणसे तापाने व गाठींनी मरू लागली. हा प्लेग होय, असे निदान प्रथम केले ते डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी. त्यांचा जन्म गोव्यातील हडफडे गावचा. पुढे १८९७ साली सरकारने साथरोगांचा कायदा केला, घरांच्या झडत्या सुरू झाल्या, रोग्यांना इस्पितळात आणि त्यांच्या आप्तांना छावणीत नेण्यात येऊ लागले. पुण्यात या झडत्यांनी जो संताप उसळला, त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या जाण्यात झाले. हा भाग सर्वांस ठाऊक आहे. परंतु या कथेचा एक धागा गणिताकडे जातो, तो सहसा लक्षात येत नाही. झडतीच्या भयाने लोक रोगी लपवीत, प्रेतेही लपवीत. जिथे विश्वास उरत नाही तिथे मोजणीही खरी उरत नाही, आणि मोजणी खोटी असेल तर तिच्यावर रचलेले गणित किती शुद्ध असले तरी व्यर्थच होय.

त्याच १८९७ सालच्या २० ऑगस्ट रोजी हैदराबादेशेजारच्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले. तेव्हा आक्षेप असा निघाला की, सगळे डास मारणे कोणाच्या बापास साधणार? रॉस यांनी त्याला गणिताने उत्तर दिले. सगळे डास मारण्याची गरजच नाही. त्यांची संख्या एका विशिष्ट मर्यादेखाली उतरली की हिवताप आपोआप ओसरतो, असे त्यांनी १९११ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. या मर्यादेच्या कल्पनेतच पुढील साऱ्या शास्त्राचे बीज आहे. एक रोगी सरासरी दोघांना रोग देत असेल, तर दहा फेऱ्यांत एकाचे हजारावर होतात. एकाहून कमी जणांना देत असेल, तर साथ विझत जाते. दोहोंमधील अंतर किती थोडे, आणि परिणामातील किती प्रचंड!

अँडरसन मॅकेंड्रिक हे रॉस यांच्याबरोबर १९०१ साली सिएरा लिओनला गेले होते. पुढे ते कसौलीच्या पाश्चर संस्थेत होते. १९२० साली प्रकृतीमुळे मायदेशी परतून त्यांनी एडिंबरोच्या प्रयोगशाळेचा भार घेतला. तेथे त्यांना विल्यम कर्मॅक हे सहकारी लाभले. १९२४ साली प्रयोगशाळेतील स्फोटात कर्मॅक यांची दृष्टी गेली. त्यानंतर त्यांनी जे गणित केले ते अंधारातच केले. या दोघांनी १९२७ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात समाजाचे तीन भाग कल्पिले: ज्यांना रोग होऊ शकतो ते, ज्यांना झाला आहे ते, आणि जे बरे होऊन वा मरून त्यातून सुटले ते. आपल्या समीकरणाची परीक्षा पाहण्यास त्यांनी आकडे घेतले ते मुंबईचे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचे. त्यांची रेषा चढत जाऊन शिखरावर आठवड्यास सुमारे ८९० मृत्यू दाखविते आणि मग उतरते. प्रत्यक्ष आकडे तिच्या अगदी लगत पडतात. आजही जगभर हा विषय शिकविताना मुंबईची ही रेषा काढून दाखवितात. त्या रेषेचा प्रत्येक बिंदू म्हणजे आपल्या चाळींतून निघालेल्या प्रेतयात्रा होत, हे आपण तरी विसरू नये.

मात्र खरी थोरवी पुढेच आहे. रेषा इतकी सुरेख जुळूनही ग्रंथकर्त्यांनी तिथेच लिहून ठेवले की, माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगाचे प्रतिबिंब होय. आपण धरलेली गृहीते काटेकोरपणे खरी नाहीत, तेव्हा हे सारे स्थूल मानाने घ्यावे.

हा विनय पुढे ऐकणाऱ्यांपाशी राहिला नाही. १६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील शास्त्रज्ञांनी लाखो माणसांची घरे, शाळा व कचेऱ्या संगणकात कल्पून हिशेब मांडला की, काहीच उपाय न केल्यास ब्रिटनमध्ये सुमारे ५,१०,००० माणसे मरतील. आठवडाभरात तो देश बंद झाला. पुढे लोक म्हणू लागले, इतकी माणसे कुठे मेली? पण ‘काहीच न केल्यास’ हे शब्द गळले होते. आपल्याकडे उलट घडले. सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की शिखर मागे पडले असून, खबरदारी पाळल्यास फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस रोगी अत्यल्प उरतील. लोकांनी ‘उरतील’ ऐकले, ‘पाळल्यास’ ऐकले नाही. विषाणूनेही नवे रूप घेतले, जे त्या गणितात नव्हते. आणि मे २०२१ मध्ये दिवसाला चार लाखांवर नवे रोगी नोंदले गेले. चंद्र पंचांग ऐकत नाही. माणूस मात्र भाकीत ऐकतो, आणि ऐकून जे वागतो त्याने ते भाकीतच बदलून जाते.

त्या वर्षी पंढरीची पायी वारी झाली नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून गेल्या. महाराष्ट्रातील देवळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्यास उघडली. दार मिटलेले पाहून अनेकांच्या डोळ्यांस पाणी आले, आणि आमच्याही आले. हे भक्तीत उणे पडणे होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. गणित इतकेच सांगू शकते की गर्दी निम्मी केल्यास साथ कितपत मंदावेल. दर्शनाची किंमत किती आणि शेजाऱ्याच्या प्राणांची किती, हे तोलण्याचे काम त्याचे नव्हे; ते समाजाचे आहे.

आणि मोजणीचा प्रश्न १८९७ प्रमाणेच आजही उभा आहे. २०२० व २०२१ मिळून भारतात करोनाचे अधिकृत मृत्यू पाच लाखांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अंदाज केला तो सुमारे ४७ लाखांचा, आणि आपल्या सरकारने तो अमान्य केला. निवाडा काहीही होवो, पुढील साथीत गणित मांडणाऱ्यास आकडे पुरविणारे आपणच असणार. घरातील ताप न लपविणे, मृत्यूची नोंद वेळेवर करणे, आणि भाकितातील ‘जर’ हा शब्द पुरता ऐकणे, ही त्या वेळची सेवा होय. मुंबईच्या त्या रेषेतील अनामिक मृतांचे ऋण फेडण्याचा याहून दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.