डाबरे : एका आडनावाची वाटचाल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरी विणणाऱ्या कारखान्यांचे हजेरीपट चाळले, तर तेलुगू आडनावे ठायी ठायी आढळतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागाबरोबर आपले ‘इंटिपेरु’, म्हणजे घराण्याचे नाव, सोबत आणले. तेलुगू रीतीत ते व्यक्तीच्या नावाआधी येते; मराठी मुलखात ते शेवटी जाऊन बसले. अशा हजेरीपटावर वसईचा कोणी ‘डाबरे’ आला, तर ‘हे आडनाव कुठले?’ असा प्रश्न सहज उमटावा.

त्याचे मूळ उत्तर पोर्तुगालच्या मिन्यो प्रांतात आहे. तेथील ‘अब्रेऊ’ या स्थळावरून एका घराण्यास नाव पडले. ‘द अब्रेऊ’ म्हणजे अब्रेऊचा. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढील दोन शतकांत स्नानसंस्कार घेणाऱ्या स्थानिक कुटुंबांना बहुधा धर्मपित्याचे आडनाव मिळे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. राज्यकर्ते गेले, ख्रिस्ती शेतकरी मात्र आपल्या वाड्यांतच राहिले. त्यांच्या बोलीत ‘द अब्रेऊ’चे ‘डाबरे’ झाले. गोव्यात ‘आब्रेव’ हे रूप टिकले; ‘डाबरे’ हे वसईचेच. इटलीतील तोस्काना प्रांताची आठवण जपणारे ‘तुस्कानो’ आणि ‘द ब्रितो’तून आलेले ‘दिब्रिटो’ ही त्याचीच भावंडे.

ज्या पुणे धर्मप्रांतात सोलापूर येते, त्याची धुरा २००९ ते २०२३ वसईच्याच बिशप थॉमस डाबरे यांनी वाहिली. सोलापूरशेजारच्या उस्मानाबादेत २०२० साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मावरून त्यांच्या निवडीस विरोध झाला, तरी मराठी शारदेच्या त्या दरबारात ‘दिब्रिटो’ हे नाव सन्मानाने उच्चारले गेले.

दुसरीकडे अहमदनगर परिसरातील आपल्या बांधवांनी साळवे, गायकवाड ही आडनावे तशीच राखली. श्रद्धा एकच, वाटा निराळ्या. तेव्हा आडनावावरून कोणाचे मराठीपण वा ख्रिस्तीपण तोलणे व्यर्थ होय. पोर्तुगालचे बीज वसईच्या मातीत रुजले, ते आता आपलेच पीक आहे.

कामधंद्यासाठी दूर गेलेल्या आपल्या कुटुंबांनी एवढे करावे : घरातील वडीलधाऱ्यांकडून मूळ गाव, वाडी आणि धर्मग्राम विचारून लिहून ठेवावे. धर्मग्रामातील स्नानसंस्काराच्या नोंदवहीत एक ओळ असते. तिच्यामागची कहाणी घरानेच जपावी लागते.