झोपलेल्याची साक्ष

मागच्या वेळी आपण मांडूक्य उपनिषदातल्या जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या अवस्थांपाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे जाऊ, पण जायचं आहे दवाखान्यात.

आपल्या दर्शनांमध्ये एक जुना वाद आहे. माणूस सकाळी उठतो आणि म्हणतो, 'छान झोप लागली, काही कळलंच नाही.' आता, काही कळलं नाही तर छान लागली हे कसं कळलं? वेदान्ती म्हणतो, ही स्मृती आहे, आणि अनुभवाशिवाय स्मृती नाही. म्हणजे साक्षी झोपेतही जागा होता. नैयायिक म्हणतो, छे, हे अनुमान. अंग हलकं वाटतं, त्यावरून तो ठरवतो. हा वाद आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. पण दोघेही त्या माणसाचं वाक्य खरं धरूनच चालतात. झोप खरोखर छान होती का, हा प्रश्न त्या वादात येत नाही. तो विसाव्या शतकातल्या वैद्यकाने विचारला, आणि तोही फार उशिरा.

चार्ल्स डिकन्सच्या 1836-37 मधल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. काम करता करता उभ्या उभ्या झोपतो, घोरतो. वाचक हसले. पुढे 1956 मध्ये बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच एक रुग्ण नोंदवला. हा गृहस्थ पोकर खेळताना, हातात उत्तम पानं असताना, झोपी गेला आणि डाव गमावला! डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं 'पिकविकियन सिंड्रोम'. रक्त तपासलं, फुप्फुसं तपासली. पण सगळी तपासणी जागेपणीची. रात्री काय होतं, ते कोणी बघितलं नाही.

साधनं नव्हती असं म्हणावं, तर तसंही नाही. मेंदूचा विद्युत आलेख जर्मनीत हान्स बर्गर यांनी 1929 मध्येच प्रसिद्ध केला होता. शिकागोत अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी 1953 मध्ये दाखवलं होतं, की झोपेत ठरावीक काळाने बुबुळं वेगाने फिरू लागतात, आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. म्हणजे झोप ही एकसुरी अवस्था नाही, हे ठाऊक झालं होतं. पण ते संशोधन निरोग्यांच्या झोपेचं. रुग्ण झोपला की डॉक्टर घरी जात.

1965 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेलला गास्तो यांच्या गटाने आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्गला युंग व कुलो यांनी, स्वतंत्रपणे, अशा रुग्णांचा श्वास रात्री मोजला. तो पुन्हा पुन्हा थांबत होता. घसा मिटायचा, श्वास अडायचा, मेंदू क्षणभर जागा व्हायचा, श्वास सुटायचा, पुन्हा झोप. रात्रभर हेच. आणि सकाळी रुग्णाला यातलं काही आठवत नसे. दिवसाच्या पेंगेचं मूळ रात्रीत सापडलं.

स्टॅनफर्डला विल्यम डिमेंट यांनी 1970 मध्ये निद्राविकारांचं क्लिनिक काढलं. 1972 मध्ये गिलमिनो तिथे आले आणि मेंदूच्या आलेखाबरोबर श्वास आणि हृदयही रात्रभर नोंदवलं जाऊ लागलं. आजची तपासणी त्याच वळणाची आहे: डोक्यावर, डोळ्यांशी, हनुवटीवर आणि पायांवर इलेक्ट्रोड, नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी, छाती-पोटावर पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. श्वास किमान 10 सेकंद थांबला किंवा बराच मंदावला, तर एक घटना मोजतात. तासाला अशा 30 किंवा अधिक घटना म्हणजे तीव्र स्लीप अ‍ॅप्निया.

आणि उपाय? सुरुवातीला एकच खात्रीचा होता: गळ्याला भोक पाडायचं, दिवसा बंद, रात्री उघडं. सिडनीच्या कॉलिन सलिवन यांनी 1980 मध्ये दुसरी वाट काढली. नाकावर मुखवटा लावून किंचित दाबाने हवा सोडायची, म्हणजे घसा मिटत नाही. 1981 मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांचा अनुभव मांडला. त्यालाच आज आपण सीपॅप म्हणतो.

मग यंत्रच खरा साक्षी का? थांबा. निद्रानाशाचा रुग्ण सांगतो, 'रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही,' आणि आलेख कधीकधी कित्येक तासांची झोप दाखवतो. म्हणून त्याला खोटारडा ठरवायचं? नाही. निद्रानाशाचं निदान आजही मुख्यतः रुग्णाला विचारूनच करतात, कारण तिथे त्याचा त्रास हाच आजाराचा गाभा आहे. एका आजारात रुग्णाचं 'छान झोपलो' अपुरं पडतं, दुसऱ्यात 'झोपलोच नाही' हे ऐकावंच लागतं.

या दोहोंमध्ये तिसरी साक्ष आहे, ती शेजारी झोपणाऱ्याची. 'अहो, तुमचा श्वास मध्येच बंद पडतो, मी घाबरून हलवते तुम्हाला,' हे वाक्य कितीतरी घरांत हसण्यावारी नेलं जातं. घोरणं म्हणजे गाढ झोप, आणि दिवसा पेंगणारा म्हणजे आळशी कुंभकर्ण, हा आपला समज. तो डुलकी घेणारा ट्रकच्या चाकामागे असला, तर हा समज जीव घेतो. नैयायिकांनी आप्तवाक्याला प्रमाण मानलंय. निदान घरातल्या आप्तांचं तरी ऐकावं आणि तपासून घ्यावं.

पुढच्या वेळी स्वप्नाकडे वळू. प्रश्न असतील तर आता विचारा.