सक्तीकडून स्वेच्छेकडे : स्वातंत्र्योत्तर भारतातील शासकीय नागरिकत्व-प्रशिक्षण (1948–1969)

प्रस्तावना :
स्वातंत्र्यप्राप्तीनंतर भारतीय शासनासमोर राज्यकारभाराबरोबरच नागरिक घडविण्याचाही प्रश्न उभा राहिला. प्रजेचे रूपांतर जबाबदार नागरिकांत व्हावे, या हेतूने शासनाने तरुणांसाठी विविध योजना आखल्या. देशप्रेम व नागरी कर्तव्य यांचे शिक्षण आज्ञेने देता येते काय, हा प्रश्न या सर्व योजनांच्या मुळाशी होता. प्रस्तुत लेखात त्याचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

शिस्तीचा आग्रह :
पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार 1948 च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात 1905 मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते. स्वेच्छेने देशसेवेचे व्रत घेणाऱ्यांच्या परंपरेतील व्यक्तीने छात्रसेनेचा पाया घालावा, ही बाब लक्षणीय आहे. आरंभी छात्रसेनेतील प्रवेश ऐच्छिकच होता.

1954 मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना सुरू झाली. तिचे प्रणेते जनरल जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडी परिसरातील, आझाद हिंद सेनेचे ज्येष्ठ अधिकारी व त्या वेळी केंद्रीय पुनर्वसन उपमंत्री होते. दिल्लीतील कस्तुरबा निकेतनमध्ये फाळणीने विस्थापित झालेल्या मुलांसाठी हा प्रयोग झाला. ज्यांचे घर व गाव हिरावले गेले, त्यांना कवायत व सामूहिक जीवनातून आत्मविश्वास मिळावा, हा त्यामागील मानवी आशय होता. पुढे योजनेचा विस्तार शाळाशाळांतून झाला. परंतु समान स्वरूपाच्या अनेक योजना एकाच शाळेत चालू लागल्याने त्यांच्या एकत्रीकरणासाठी 1959 मध्ये पुन्हा कुंझरू यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

सक्तीचा प्रयोग :
याच वर्षी डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने विद्यापीठात प्रवेश करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी, अशी शिफारस केली. आर्थिक भार व अंमलबजावणीतील अडचणी यांमुळे ती स्वीकारली गेली नाही. त्यानंतर विविध देशांतील राष्ट्रीय सेवेचा अभ्यास करून के. जी. सय्यदैन यांनी ऐच्छिक सेवेचा पुरस्कार केला. मात्र 1962 च्या चीन युद्धाने वातावरण पालटले. 1963 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी छात्रसेनेचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. मैदाने भरली, परंतु उपस्थिती म्हणजे निष्ठा नव्हे, आणि सक्तीने संख्या वाढली तरी आस्था वाढतेच असे नाही. 1968 मध्ये छात्रसेना पुन्हा ऐच्छिक करण्यात आली.

सेवेचा पर्याय :
कोठारी आयोगाने (1964–66) शिक्षणाच्या सर्व स्तरांवर समाजसेवेचा अंतर्भाव सुचविला होता. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत 40,000 विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ केला. येथे भर बदलला : कवायतीच्या मैदानाऐवजी गाव हे प्रशिक्षणस्थळ झाले आणि आज्ञा देणाऱ्या प्रशिक्षकाच्या जागी प्राध्यापक आला.

निष्कर्ष :
या दोन दशकांचा इतिहास असे दर्शवितो की, संकटाच्या काळात शासन सक्तीकडे वळले. परंतु टिकाऊ ठरली ती स्वेच्छेवर आधारलेली रचना. शिस्तीचे मोल यामुळे कमी होत नाही. विस्थापित मुलांना तिचा आधार वाटला, कारण ती त्यांच्या गरजेतून आली होती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात छात्रसेना व सेवा योजना यांना श्रेयांकांचे स्थान मिळाले आहे. त्यामुळे सेवेला प्रतिष्ठा लाभेल, तसेच ती केवळ श्रेयांकांसाठी उरकली जाण्याचा धोकाही आहे. 1963 ते 1968 या काळाचा धडा विसरला गेल्यास हजेरीपट भरतील, पण नागरिक घडतीलच असे नाही. हे टाळण्याची जबाबदारी धोरणकर्त्यांइतकीच, विद्यार्थ्यांना गावापर्यंत नेणाऱ्या कार्यक्रम अधिकारी प्राध्यापकांवरही आहे.