टोरांटोचे श्वान आणि कोलीनचा शोध

इन्शुलिनच्या शोधाची हकीकत सांगणारे बहुधा 1922 च्या जानेवारीपाशी, म्हणजे टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड टॉम्प्सन या मधुमेही मुलाला ते द्रव्य प्रथम टोचले गेले त्या प्रसंगापाशी, येऊन थांबतात. परंतु त्याच नगरीतील विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पुढील दहा वर्षांत जे घडले, त्याची दखल क्वचितच घेतली जाते; आणि यकृतातील मेद व हृदयाचे आरोग्य यांविषयी आज जी चर्चा चालते तिचा एक मोठा प्रवाह तेथूनच निघालेला असल्यामुळे ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते.

स्वादुपिंड काढून टाकलेले श्वान इन्शुलिनच्या आधारावर दीर्घकाळ जगतील, अशी तेथील प्राध्यापक मॅक्लिऑड व त्यांचे सहकारी यांची अपेक्षा होती. श्वानांना चरबीविरहित मांस व साखर असा आहार मिळे, इन्शुलिन नियमाने टोचले जाई, रक्तातील शर्कराही ताब्यात असे. आणि तरीही काही महिन्यांत ते खंगत व मरत. शवविच्छेदनात दिसे ते फुगलेले, फिकट पिवळे, मेदाने गच्च भरलेले यकृत. मग आहारात कच्चे स्वादुपिंड मिसळून पाहिले, तेव्हा मरणपंथाला लागलेले प्राणी सावरले. पोटात गेलेले इन्शुलिन पचून निकामी होते, तेव्हा हा गुण त्याचा नव्हे हे उघड होते. पाचकरसांच्या अभावामुळे हे घडत असावे, हा पहिला तर्क. तो सोडून देऊन टोरांटोचेच संशोधक हर्शी यांनी 1930 च्या सुमारास स्वादुपिंडाऐवजी लेसिथिन देऊन पाहिले, आणि यकृत निवळले.

लेसिथिन काही नवे नव्हते. पॅरिसचे औषधविद गोब्ली यांनी ते 1840 नंतरच्या दशकातच अंड्याच्या बलकातून वेगळे काढले होते, आणि पित्ताचे पृथक्करण करणारे जर्मन रसायनज्ञ स्ट्रेकर यांनी 1862 मध्ये कोलीनला त्याचे नाव दिले होते. कोलीन हा लेसिथिनचाच एक घटक. परंतु आहारात त्याचे काही प्रयोजन असेल, ही शंका त्यानंतर सत्तर वर्षे कोणाला शिवली नाही. 1932 मध्ये चार्ल्स बेस्ट आणि एलिनॉर हंट्समन यांनी लेसिथिनचे घटक सुटे करून, मेदयुक्त आहारावरील उंदरांना एकेक देऊन पाहिले, आणि यकृतातील मेद हटविण्याचे सामर्थ्य कोलीनमध्येच आहे, असे निदर्शनास आणले. बेस्ट यांचे नाव इन्शुलिनमुळे घरोघर पोहोचले. हंट्समनबाईंचे नाव मात्र जुन्या नियतकालिकांच्या दप्तरातच राहिले, याची खंत वाटते.

यामागील कार्यकारणभाव पुढे उलगडला. यकृतात तयार झालेला मेद रक्तात रवाना व्हायचा, तर त्याच्या कणांवर कोलीनयुक्त फॉस्फोलिपिडाचे वेष्टण लागते. ते पुरेसे नसेल तर मेद जेथल्या तेथे साठतो. याशिवाय कोलीनपासून बेटेन बनते, आणि ते होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचे पुन्हा मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करण्याच्या कामी येते. 1954 मध्ये तर विल्ग्राम, हार्ट्रॉफ्ट व बेस्ट यांनी असे दाखविले, की कोलीनवंचित उंदरांच्या हृदयाला व रक्तवाहिन्यांनाही इजा पोहोचते.

मनुष्याचा दाखला मिळावयास फार विलंब लागला. पोषणशास्त्रज्ञ झायझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी पुरुषांना कोलीनविरहित आहारावर ठेवले, तेव्हा तीन आठवड्यांतच यकृताला इजा होत असल्याची लक्षणे रक्तात उमटली. ही 1991 ची गोष्ट. त्यानंतर 1998 मध्ये अमेरिकेत पुरुषांसाठी दिवसाला 550 मिलिग्रॅम आणि स्त्रियांसाठी 425 मिलिग्रॅम अशी शिफारस मंजूर झाली. एका मोठ्या अंड्यात सुमारे 150 मिलिग्रॅम कोलीन असते, आणि ते जवळजवळ सर्व बलकात.

कोलीनची ही प्रतिष्ठा 2011 मध्ये डळमळली. क्लीव्हलँड येथील हेझन यांच्या चमूने दाखविले, की आतड्यातील जीवाणू कोलीनपासून ट्रायमिथाइलअमाइन काढतात, शिळ्या मासळीला जो उग्र दर्प येतो तो याच वायूचा. यकृत त्याचे ऑक्साइड बनवते, आणि हे ऑक्साइड उंदरांच्या धमन्यांत मेदाचे थर वाढविते. दोन वर्षांनी चार हजारांवर रुग्णांच्या पाहणीत, ज्यांच्या रक्तात त्याचे प्रमाण अधिक होते त्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यू यांचा धोका अधिक असल्याचे आढळले. तरीही हा खटला निकाली निघाला, असे मी म्हणणार नाही. मूत्रपिंडे दुबळी झाली की हेच ऑक्साइड रक्तात साठते, तेव्हा ते आरोपी की केवळ साक्षीदार, याचा निवाडा व्हावयाचा आहे. शिवाय समुद्रातील मासळीत ते मुळातच विपुल असते, आणि मासळी खाणाऱ्यांचे हृदय त्यापायी बिघडते, असे काही दिसत नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गोळीतून घेतलेल्या कोलीनने रक्तातील हे ऑक्साइड वाढले, पण रोज चार अंडी खाणाऱ्यांत ते वाढले नाही. बलकातील कोलीन बहुतांशी गोब्लींच्या त्याच लेसिथिनात बांधलेले असते, आणि गोळीतील मोकळे. या एका भेदाने निकाल कितपत फिरतो, हे पाहण्याचे काम आता सुरू आहे.