'ऑर्केस्ट्रा' या शब्दाचा प्रवास : आर्णी, मुंबई आणि माजोर्डा



आपल्या आर्णीत 'आज ऑर्केस्ट्रा आहे' असं कुणी म्हटलं, की डोळ्यांपुढे काय येतं? दुर्गोत्सवाचा मांडव, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि मुकेशची गाणी म्हणणारा एखादा गायक. हा अर्थ चुकीचा नाही. पण तो आपल्यापर्यंत कसा आला, ते आज पाहू.

आम्ही काही जण मुंबईला एनसीपीएमध्ये सिम्फनी ऐकायला गेलो होतो. इथून एसटीने बडनेरा, तिथून रात्रीची रेल्वे. तिथला 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' २००६ साली सुरू झाला. आधी ओबो नावाच्या वाद्याने एक सूर दिला आणि सगळ्यांनी त्यावर आपापली वाद्यं जुळवली. आपल्याकडे तंबोरा लावतात, तसंच म्हणा ना! पहिला भाग संपल्यावर आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या. बाकी सभागृह शांत. सगळे भाग संपल्यावरच टाळ्या द्यायच्या असतात, हे तेव्हा कळलं.

मुंबईत अशा वादनाची परंपरा जुनी आहे. मेहली मेहता यांनी १९३५ साली 'बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. जगप्रसिद्ध संचालक झुबिन मेहता हे त्यांचेच चिरंजीव. पण अशा वाद्यवृंदांना वादक कुठून मिळत? बरेचसे गोव्यातून. पोर्तुगीज राजवटीत तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही मुलं पोटासाठी मुंबईला आली. संध्याकाळी हॉटेलांत जॅझ, दिवसा सिनेमाचे स्टुडिओ.

आता स्टुडिओतलं काम समजून घेऊ. आपलं संगीत एका सुरावटीचं. संगीतकार चाल गुणगुणायचा. पण पंचवीस-तीस व्हायोलिनं, चेलो, ट्रम्पेट यांनी एकाच वेळी वेगवेगळं काय वाजवायचं, हे कुणीतरी कागदावर लिहून द्यावं लागे. ते काम अरेंजरचं. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनसाठी ते वर्षानुवर्षं केलं. गाणी घराघरांत पोचली. हे नाव किती घरांत पोचलं?

अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. जन्म १९२७, गाव दक्षिण गोव्यातलं माजोर्डा. चित्रपटांसाठी व्हायोलिन वाजवता वाजवता त्यांनी आपल्या रागांचा अभ्यास केला. राग सिम्फनीच्या वाद्यांसाठी लिहून काढता येईल, अशी त्यांची जिद्द. १९५८ साली त्यांनी 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' स्थापन केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे! एरवी पडद्यामागे वाजवणारी माणसं त्या संध्याकाळी लोकांसमोर बसली, हे आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं.

प्रयोग फार वर्षं टिकला नाही. साठच्या दशकात गोन्साल्विस अमेरिकेला गेले, पुढे माजोर्ड्याला परतले आणि २०१२ साली वारले. त्यांचे एक शिष्य म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचं नाव गाण्यात आलं. आपण सगळे त्यावर नाचलो. ते नाव खऱ्या माणसाचं आहे, हे किती जणांना ठाऊक होतं? आम्हालाही नव्हतं.

स्टुडिओत जन्मलेली तीच गाणी पुढे रंगमंचावर आली, गावोगाव फिरली, आणि त्यांच्यासोबत 'ऑर्केस्ट्रा' हा शब्दही आपल्या मांडवात आला. गाणं आलं, शब्द आला. वाजवणाऱ्यांची नावं मात्र वाटेतच राहिली.

हे मुंबईतच घडतं असं नाही. आपल्या वरातीपुढे बँडमधला क्लॅरिनेटवाला उन्हातान्हात चालतो. त्याच्या मालकाचं नाव गाडीवर रंगवलेलं असतं. त्याचं स्वतःचं नाव आपण कधी विचारलं? पुढच्या लग्नात विचारू या. कुणाकडून शिकला, तेही विचारू. मिळेल ते वहीत लिहून पुढच्या बैठकीला आणा. आर्णीच्या संगीताचा इतिहास तिथूनच सुरू करावा लागेल.