ताटवा भरतांना

इतिहास म्हटला कीं आपली दृष्टि सहजच किल्ल्यांकडे, रणांगणांकडे आणि राजवाड्यांकडे वळते. बुलढाणा जिल्ह्याची गोष्ट निघाली, तर कोणी प्रथम सिंदखेडराजाचें नांव घेईल. कारण लखुजी जाधवांच्या त्या गांवीं १५९८ सालीं जिजाबाईंचा जन्म झाला. दुसरा साखरखेर्ड्याची आठवण देईल. १७२४ च्या ऑक्टोबरांत निजामुल्मुल्कानें मुबारिजखानाचा तेथें पराभव केला आणि दक्षिणेंत आसफजाही सत्तेचा पाया घातला. तिसरा लोणारच्या विवराकडे बोट दाखवील. हें सर्व यथायोग्यच आहे. परंतु याच भूमीवर आणखी एक इतिहास, घराच्या पायरीपासून दोन हातांवर, पिढ्यान् पिढ्या लिहिला जात असतो, व त्याकडे इतिहासकाराचें लक्ष क्वचितच जातें. घरापुढील फुलांचा ताटवा हा तो इतिहास होय. नव्यानें लावलेला ताटवा दोन-तीन वर्षांत कसा भरून येतो हें जो नीट पाहील, त्यास परकें तें आपलें कसें होतें, आणि आपलें झालेलें टिकतें कशामुळें, या प्रश्नाचें थोडेंबहुत उत्तर मिळेल, असें आम्हांस वाटतें.

ताटवे दोन जातींचे असतात. एक हंगामी झाडांचा. त्यांत बीं पेरावें, तीन-चार महिने फुलें पाहावीं, आणि झाड वाळलें कीं उपटून टाकावें. दुसरा बहुवर्षायु झाडांचा. त्यांत कर्दळीचा गड्डा, निशिगंधाचा कंद, गुलबक्षीचें मांसल मूळ आणि शेवंतीचा बुंधा हीं जमिनींत राहतात. वरचा पाला वाळला तरी झाड मेलेलें नसतें. पहिला ताटवा लवकर रंगतो व लवकर संपतो. दुसऱ्याच्या रंगण्याला दिवस लागतात. पण तो एकदां रंगला म्हणजे लावणाऱ्याच्या पश्चातहि त्याच जागीं फुलत राहतो. प्रस्तुत लेखांत विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या जातीचा.

बुलढाणा जिल्ह्याचे लोकांच्या बोलण्यांतच दोन भाग झालेले आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर हीं गांवें. खालीं पूर्णेच्या अंगास मलकापूर, नांदुरा, शेगांव. बुलढाणा गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीवर असल्यामुळें वऱ्हाडांतील उन्हाळा तेथें त्यांतल्या त्यांत सौम्य वाटतो. घाटाखालीं कपाशीची काळी जमीन. ती पावसाळ्यांत चिकटते आणि वैशाखांत भेगाळते. पूर्णेच्या कांठीं तर खारपाणपट्टा आहे, तेथील विहिरींचें पाणी नाजूक झाडांस मानवत नाहीं. पाऊस वर्षांतून चारच महिने. अशा प्रदेशांत फुलझाड लावणें हा केवळ हौसेचा विषय राहत नाहीं. घरांतील पाण्याचा वांटा कोणास द्यावयाचा, याचा तो निर्णय असतो. म्हणूनच येथें कर्दळ बहुधा न्हाणीच्या सांडपाण्यावर लावलेली आढळते. जें पाणी घरानें एकदां वापरलें, त्याच पाण्यावर ती वाढते.

मृग लागला आणि जमीन भिजली कीं नवा ताटवा मांडतात. मागें कर्दळ, तिच्यापुढें गुलबक्षी, मध्यें वीत-वीत अंतरानें निशिगंध, बाजूस शेवंतीचे फुटवे आणि अगदीं कडेला सदाफुली. पहिल्या वर्षीं हा ताटवा पाहणाऱ्याची निराशाच करतो. झाडांपेक्षां उघडी मातीच अधिक दिसते, आणि त्या उघड्या मातींत हरळी व लव्हाळा आपला हक्क सांगूं लागतात. नवशिक्यास मोह होतो तो येथेंच. मोकळी जागा त्यास पाहवत नाहीं. तो आणखी रोपें आणून दाटी करतो, आणि दुसऱ्या वर्षीं एक झाड दुसऱ्याच्या मुळावर उठतें. जाणता मनुष्य खुरपणी करतो आणि वाट पाहतो. पहिल्या वर्षाची रिकामी जागा ही तिसऱ्या वर्षाच्या झाडांची जागा आहे, हें तो ओळखून असतो.

आतां या ताटव्यांतील मंडळींची कुळकथा पाहूं. ज्यांना आपण पिढ्यान् पिढ्यांचीं घरचीं फुलें समजतों, त्यांतील बहुतेक परमुलुखांतून आलेलीं आहेत. गुलबक्षी अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतील, कर्दळहि तिकडचीच. निशिगंध मेक्सिकोंतील, तेथील मूळ रहिवासी तो फार पूर्वींपासून लावीत असत. ज्याच्यावांचून आपला दसरा होत नाहीं, तो हंगामी झेंडूहि त्याच मुलुखांतला. सदाफुली मादागास्कर बेटांतील; शेवंतीचें माहेर चीन. कोलंबस १४९२ सालीं पश्चिमेकडे गेला, वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतास पोंचला, आणि १५१० सालीं गोवें पोर्तुगीजांच्या हातीं आलें. या अठरा वर्षांत जगांतील वनस्पतींच्या येण्याजाण्याचे रस्ते पार बदलून गेले. गोव्यास राहून गार्सिया द ओर्ता या वैद्यानें १५६३ सालीं येथील औषधींवर ग्रंथ छापला; तो हिंदुस्थानांतील वनस्पति युरोपास समजावून सांगत होता, त्याच काळांत दुसऱ्या गोलार्धांतील झाडें गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागत होतीं. पुढें १८२८ सालीं पुण्याजवळ दापोडीस सरकारी वनस्पतिबाग निघाली आणि परदेशीं झाडें आणून वाढवून पाहण्याचें काम सरकारी खर्चानें होऊं लागलें.

परंतु किनाऱ्यापासून घाटावरच्या अंगणापर्यंतचा प्रवास या झाडांनीं कोणत्याहि सरकारी हुकुमावरून केला नाहीं. तो झाला हातोहात. बी वाऱ्यानें उडून येऊं शकतें. पण निशिगंधाचा कंद किंवा कर्दळीचा गड्डा चालत येत नाहीं. कोणी तरी तो उकरून दुसऱ्याच्या हातीं द्यावा लागतो. शेजारणीनें पदरांत बांधून नेला, लेकीनें माहेराहून सासरीं आणला, पुजाऱ्यानें एका देवळांतून दुसऱ्या देवळांत दिला, असें हें दळणवळण असते. त्याची नोंद कोणत्याहि दफ्तरांत नाहीं. नोंद आहे ती भाषेंत. मराठीनें या पाहुण्यांना इतकीं घरगुती नांवें दिलीं कीं, त्यांच्या परकेपणाची शंकाहि येऊं नये. निशिगंध हें नांव ऐकून कोणास मेक्सिको आठवेल? सदाफुली म्हणतांना मादागास्कर कोणाच्या ध्यानीं येतें? गुलबक्षीच्या नांवांत एक फारसी शब्द मात्र शिल्लक आहे. पण तो तरी आपणांस कोठें परका वाटतो? याच सदाफुलीपासून पुढें विनब्लास्टिन व विनक्रिस्टिन हीं कर्करोगावरील औषधें निघालीं. दारांतल्या झाडाची योग्यता जगास कळावयास असा वेळ लागतो.

ताटव्याची दुसरी परंपरा या जिल्ह्यांत आली ती इंग्रजी अमलाबरोबर. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे सोंपविला. पुढें जिल्ह्याचें ठाणें बुलढाण्यास झालें आणि थंड हवेच्या त्या गांवीं साहेबांचे बंगले उठले. हिंदुस्थानांतील साहेबी बागा बहुधा एकाच धर्तीच्या असत. हिवाळ्याच्या तोंडाशीं विलायतेहून आलेलें बीं पेरावयाचें, पिटूनिया, फ्लॉक्स, अ‍ॅस्टर यांचे रंग चार महिने पाहावयाचे, आणि उन्हाळा लागतांच सर्व संपवावयाचें. पुष्कळ झाडें तर कुंड्यांतच असत. बदलीचा हुकूम आला कीं कुंड्या नव्या येणाऱ्या साहेबास विकून टाकीत. यांत त्यांच्या आवडीचा दोष नव्हता. ज्यास तीन वर्षांनीं आपण कोठें असूं हें ठाऊक नाहीं, त्यानें तीन वर्षांनीं भरणारा ताटवा कोणाच्या भरंवशावर लावावा? राहणाऱ्याची बाग जमिनींत असते, जाणाऱ्याची कुंडींत असते.

मौज ही कीं, याच सुमारास खुद्द इंग्लंडांत हंगामी ताटव्यांविरुद्ध बंड चाललें होतें. तेथील श्रीमंतांच्या बागांत उबदार कांचगृहांत वाढविलेलीं हजारों रोपें उन्हाळ्यापुरतीं बाहेर मांडीत आणि थंडी येतांच फेकून देत. विल्यम रॉबिन्सन यानें १८७० व १८८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या दोन पुस्तकांत या पद्धतीवर कडक टीका केली आणि वर्षानुवर्षें टिकणारीं, हवामानास सोसणारीं झाडें जमिनींत लावावीं, असा उपदेश केला. गर्ट्रूड जीकिल या विदुषीनें त्या उपदेशास रंगसंगतीची दृष्टि दिली. तिचें घर ज्यानें बांधलें तो लट्येन्स पुढें नवी दिल्ली रचण्यास हिंदुस्थानांत आला. इंग्लंडांत ज्या गोष्टीसाठीं ग्रंथ लिहावे लागले, ती आमच्या घाटावरील परसांत ग्रंथावांचून चालू होती. तिला कोणी कला म्हटलें नाहीं, इतकेंच.

आतां पुन्हां ताटव्याकडे वळूं. दुसऱ्या वर्षीं बदल दिसूं लागतो. उन्हाळ्यांत गुलबक्षीचा वरचा भाग नाहींसा झालेला असतो. पहिल्या वळवानंतर तिचे लालसर कोंब त्याच जागीं डोकें वर काढतात. कर्दळीच्या एका गड्ड्याचे चार-पांच झालेले असतात. शेवंतीचा फुलोरा ओसरल्यावर दांडे छाटले कीं बुडाशीं फुटव्यांचा घोळका जमतो. निशिगंधाची तर गोष्टच निराळी. त्याचा एक कंद एकदांच फुलतो. एक दांडा, एक बहर, आणि त्या कंदाचें काम संपतें. परंतु तोंवर त्याच्या कुशींत लहान कंद वाढलेले असतात आणि पुढील बहर त्यांचा असतो. दरवर्षीं तेंच झाड फुललें असें आपणांस वाटतें, वस्तुतः फुलतात तीं त्याचीं मुलेंबाळें. तिसऱ्या वर्षीं माती दिसेनाशी होते. पाल्याच्या सावलींत हरळीचा जोर मोडतो, ओल अधिक दिवस टिकते, आणि ज्या ताटव्यास पूर्वीं रोज पाणी लागे त्याचें एक दिवसाआड भागतें. एकमेकांच्या आधारानें तीं झाडें जागेची राखण करूं लागतात. ताटवा भरला म्हणजे काय, तें हें.

या राखणीची खरी परीक्षा अवर्षणांत होते. १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाड होरपळून काढलें. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आजहि घरोघरीं सांगतात. माणसांस व गुरांस पाणी नसतां फुलझाडांची चिंता कोण करणार, आणि करूंहि नये. परंतु जमिनीखालच्या कंदाचा गुण हा कीं, तो एखादा हंगाम मुकाट्यानें काढूं शकतो. वरून सर्व संपलेलें दिसतें, आणि पुढील मृगांत कोंब येतो. राज्यव्यवस्थेच्या बाबतींतहि तसेंच झालें. वऱ्हाड निजामाकडून कंपनीकडे गेलें, कंपनीकडून राणीकडे. १९०३ सालीं तें मध्य प्रांतास जोडलें गेलें, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आलें आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. दारांतल्या गड्ड्यास या कशाचीच वार्ता नव्हती.

तथापि भरणें आणि माजणें यांत अंतर आहे, तेंहि सांगितलें पाहिजे. घाणेरी हीहि अमेरिकेंतून आलेली, आणि तीहि शोभेसाठींच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ती बागेंतील कौतुकाचें झाड म्हणून हिंदुस्थानांत आणली गेली. आज देशांतील जंगलेंच्या जंगलें तिनें व्यापलीं आहेत. लोणारचें विवर २००० सालीं अभयारण्य झालें आणि २०२० सालीं रामसर यादींत गेलें. पण तेथेंहि वेडी बाभूळ या दुसऱ्या परदेशी झाडाचा उपद्रव झाला आणि ती काढण्याचें काम हातीं घ्यावें लागलें. तेव्हां जें परदेशांतून आलें तें वाईट, किंवा जें आलें आणि वाढलें तें सर्व आपलें, असा सोपा निवाडा येथें चालत नाहीं. निशिगंध आणि घाणेरी हीं दोघेंहि पाहुणीं. परंतु निशिगंधामागें वर्षानुवर्षें एक माणूस उभा राहिला. त्यानें दर तीन वर्षांनीं कंद उकरले, दाटी मोडली, निरोगी निवडून पुन्हां लावले आणि उरलेले वांटले. घाणेरीमागें तसें कोणी उभें राहिलें नाहीं.

आज घाटावर काय, घाटाखालीं काय, अंगणांत फरशी येत आहे. मुलें पुण्या-नागपुरास नोकरीस जातात, घरें भाड्यानें दिलीं जातात, आणि रोपवाटिकेंतून फुलांसकट आणलेलीं रोपें दिवाळीपुरतीं दारांत मांडलीं जातात. जीं कुटुंबें साहेबांच्या बदल्या पाहत होतीं, त्यांच्याच वांट्यास आतां बदलीचें जिणें आलें आहे, आणि त्याबरोबर कुंडीहि आली आहे. यांत कोणास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. परंतु अंगणाबरोबर काय जातें, तें ध्यानांत असावें. फुलें जात नाहींत, तीं बाजारांत मुबलक मिळतात. जातें तें देणें. हंगामी रोपांतून शेजाऱ्यास देण्याजोगें कांहीं उरत नाहीं; बहुवर्षायु ताटव्याला मात्र दिल्यावांचून गत्यंतरच नसतें, कारण न वांटलेला निशिगंध दाटून फुलेनासा होतो.

म्हणून ज्याच्यापाशीं दोन हात उघडी माती आहे, त्यानें यंदाच्या मृगांत बाजाराकडे न जातां शेजारच्या जुन्या घरीं जावें आणि एक गड्डा मागून आणावा. पहिल्या वर्षीं माती दिसेल, ती दिसूं द्यावी. तिसऱ्या वर्षीं एखादी शेजारीण दारांत येऊन, "काकू, थोडे कंद द्याल का?" असें विचारील. त्या दिवशीं ताटवा भरला असें खुशाल समजावें.